रुग्णशय्येभोवतीचा पडदा आणि त्याचा रूळ

रुग्णालयाच्या सामाईक कक्षात राहणाऱ्या रुग्णाला स्वतःची अशी भिंत नसते. अंग पुसणे, कपडे बदलणे, मलमूत्राचे भांडे देणे, डॉक्टरांची तपासणी, क्वचित अखेरचा श्वासही, हे सारे शेजारच्या खाटेपासून दोनतीन हातांवर एका कापडी पडद्याआड घडते. हा पडदा ज्यावर सरकतो तो रूळ, म्हणजे बाजारातला ‘ट्रॅक’, इमारतीच्या खर्चपत्रकात अगदी शेवटी येतो आणि त्याची निवड बहुधा किमतीवरूनच होते. वस्तुतः पडदा पूर्ण ओढला जाईल की नाही, धुण्यासाठी वेळेवर उतरेल की नाही, आगीच्या वेळी पाण्याच्या आड येईल काय, आणि एखाद्या व्यथित रुग्णाच्या जिवास तो धोका ठरेल काय, या चारही प्रश्नांची उत्तरे रुळाच्या निवडीशी निगडित आहेत. यास्तव रूळ काय धरून ठेवतो एवढेच न पाहता, तो कशाला वाट करून देतो हेही पाहणे अगत्याचे आहे.

खाजगीपणा ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत गोपनीयता, मानवी प्रतिष्ठा आणि खाजगीपणा यांचा हक्क स्वतंत्रपणे नमूद केला आहे. महाराष्ट्रातही शुश्रूषागृहांच्या नोंदणीविषयक नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद नियमांचा भाग झाली. अर्थात कापडी पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही. आजाराविषयीचे नाजूक बोलणे स्वतंत्र खोलीतच व्हावयास हवे, ही मर्यादा प्रारंभीच ध्यानात घेतलेली बरी.

पडदा उभा करण्याचा जुना मार्ग म्हणजे चाकांवरची घडीची चौकट. तिला छताचा आधार लागत नाही. परंतु ती जमिनीवरची जागा अडवते, तिच्या घड्यांमध्ये फटी राहतात आणि निकडीच्या वेळी ती शोधून आणावी लागते. रूळ बसविण्याचे प्रकार मुख्यतः तीन : छताला थेट जोडलेला, छतापासून दांड्यांनी खाली सोडलेला आणि खोट्या छतात बुजवलेला. यांतील शेवटच्या प्रकारात रुळाचा भार पातळ तक्तपोशीवर न टाकता तिच्या सांगाड्यावर किंवा मूळ छतावर टाकणे आवश्यक असते. जुन्या दगडी इमारतींतील उंच छतांना दांड्यांचा रूळच सोयीचा ठरतो; मात्र दांड्या लांब झाल्या की रूळ झोके घेऊ लागतो, म्हणून त्यास भिंतीकडून आडवा आधारही द्यावा लागतो. आपल्याकडील कक्षांत छताचे पंखेही असतात. पंख्याच्या पात्यांच्या फेऱ्यात रूळ किंवा दांडी येता कामा नये, आणि वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून त्याच्या खालच्या काठात वजन शिवून घेणे इष्ट होय.

रुळाची लांबी ठरविण्याचे गणित साधे आहे. समजा, खाटेची जागा ३ मीटर खोल व २.४ मीटर रुंद असून रूळ तीन बाजूंनी फिरतो; तर त्याची लांबी ८.४ मीटर भरते. कापड किंचित सैल पडावे म्हणून एकदशांश अधिक धरल्यास कापडाची रुंदी ९.२४ मीटर होते, आणि दर १५ सेंटिमीटरला एक चाकी या हिशेबाने सुमारे ६२ चाक्या लागतात. पडद्याची उंची २ मीटर आणि कापडाचे वजन चौरस मीटरला २०० ग्रॅम धरले, तरी सारे कापड पावणेचार किलोंहून कमीच भरते. तात्पर्य, रूळ निकामी होतो तो पडद्याच्या भाराने नव्हे, तर दिवसातून अनेकदा बसणाऱ्या हिसक्यांनी. हे हिसके वळणावर सर्वाधिक बसतात. म्हणून वळण मोठ्या त्रिज्येचे व अखंड असावे, जोड सरळ भागात यावा. समुद्रकाठच्या दमट हवेत लोखंडी रूळ गंजतो, त्यामुळे तेथे ॲल्युमिनियमचा रूळ बरा. आणि नायलॉनच्या चाक्या रात्री झोपलेल्यांची झोप मोडत नाहीत. बाजूला सारलेला पडदा भिंतीलगत गोळा व्हावा. तो प्राणवायूच्या नळावर अथवा नाडीदर्शक यंत्रावर येऊ नये.

दुसरा विचार स्वच्छतेचा. परिचारिकेचा हात रुग्णाला लागण्यापूर्वी आणि लागल्यानंतरही पडद्याला लागतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४३ पडद्यांपैकी ४१ पडद्यांवर एकदा तरी रोगकारक ठरू शकणारे जिवाणू आढळले. अभ्यासाच्या काळात नव्याने लावलेल्या १३ पडद्यांपैकी १२ पडदे आठवड्याभरातच दूषित झाले होते. इंग्लंडमध्ये रुग्णालयीन कपडे निदान १० मिनिटे ६५ अंश किंवा निदान ३ मिनिटे ७१ अंश सेल्सिअस उष्णतेत धुण्याचा दंडक आहे. परंतु पडदा उतरविण्यास शिडी, सुतार आणि अर्धा दिवस लागत असेल, तर धुण्याचे वेळापत्रक कागदावरच राहते. रुळाच्या टोकाशी चाक्या बाहेर काढण्याचे दार असावे, किंवा पडद्याचा खालचा भाग बटणांनी सुटा होणारा असावा. प्रत्येक रुळामागे पडद्यांचा एक जादा संच खरेदीतच धरावा.

तिसरा विचार आगीचा. २०२१ या एकाच वर्षात भंडारा, विरार आणि अहमदनगर येथील रुग्णालयांत आगी लागून रुग्ण दगावले, त्यांत भंडाऱ्याची दहा नवजात बालके होती. जेथे छतात स्वयंचलित तुषारनळ बसविलेले असतात, तेथे छतापर्यंत भिडलेला सलग पडदा पाण्याचा फवारा अडवू शकतो. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या १३ क्रमांकाच्या मानकानुसार, छताच्या रुळावरील पडद्याचा वरचा भाग जाळीचा असावा, ती जाळी छतापासून किमान २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, खाली यावी आणि तिचा किमान ७० टक्के भाग मोकळा असावा. तसे असल्यास तो पडदा अडथळा मानला जात नाही. याच जाळीतून हवा आणि उजेडही येतो. कापड सहजी पेट न घेणारे असावे. मात्र वरून दिलेला अग्निरोधक लेप धुण्याने कमी होऊ शकतो, म्हणून ज्याच्या तंतूतच तो गुण आहे असे कापड श्रेयस्कर.

चौथा विचार मानसिक आरोग्याच्या कक्षांचा. येथे मजबुतीची कल्पनाच उलटते. पक्का रूळ आत्मघाताचे साधन होऊ शकतो. ब्रिटनमधील आरोग्य विभागाच्या २००० सालच्या एका अहवालाने, न निसटणाऱ्या रुळांमुळे मानसरुग्णालयांत होणाऱ्या आत्महत्या २००२ पर्यंत शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने अशा मृत्यूंची गणना ‘कधीही घडू नयेत’ अशा घटनांत केली. तेथील २०१८ च्या यादीत रूळ बसविला असूनही ऐन वेळी न निसटणे हीदेखील अशीच घटना मानली आहे. अशा कक्षांत ठरावीक भारापलीकडे आपोआप सुटणारा रूळच हवा, आणि तो तसा सुटतो याची नियमित चाचणीही हवी. वारंवार निसटणारा रूळ एखाद्या कामगाराने सद्‌हेतूने स्क्रूने पक्का करून टाकला, तर सारी योजना निष्फळ होते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २० मध्ये सुरक्षित परिसर आणि खाजगीपणा हे दोन्ही हक्क एकत्र दिले आहेत. धोका आहे म्हणून पडदेच काढून टाकणे हा त्या कलमाचा अर्थ नव्हे.

यावरून रूळ खरेदीचा क्रम सिद्ध होतो. प्रथम खाटेवर कोण असणार ते ठरवावे; नंतर छत, पंखे व तुषारनळ यांची मोजणी करावी; मग पडदा कोण, किती दिवसांनी आणि कसा उतरवणार हे धुलाईघर व परिचारिका यांना विचारावे; आणि अखेरीस किंमत पाहावी. एकाच रुग्णालयातील दोन कक्षांसाठी या क्रमाने निरनिराळे रूळ निघाले, तर त्यात विसंगती नाही. सर्व इमारतीसाठी एकाच नमुन्याची मागणी नोंदविणे कचेरीला सोपे जाते. परंतु त्या सोपेपणाची किंमत पडद्यामागच्या माणसाला मोजावी लागते.