रस्ते कुणासाठी? शहरातल्या प्रवासाबद्दलचे सात गैरसमज

२०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या लोकसंख्येला मागे टाकलं. त्याच्या बारा वर्षं आधी, २००६ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण जाहीर केलं होतं. किती वाहनं पुढे सरकली यापेक्षा किती माणसं पोचली याचा विचार करून रस्त्यांचं नियोजन करावं, हे त्या धोरणाचं मुख्य सूत्र. धोरण कागदावर राहिलं, वाहनं रस्त्यावर आली. आजही वाहतुकीची चर्चा सुरू झाली की बोलणं येतं ते गाड्यांवरच. त्या चर्चेत हमखास ऐकू येणारी सात विधानं तपासून पाहू.

गैरसमज १ : रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल झाला की कोंडी फुटते.

वस्तुस्थिती : फुटते, पण थोडे दिवस. नवा पूल सुरू झाला की पहिल्या महिन्यात सगळेच लवकर पोचतात. मग ही गोष्ट सगळ्यांना कळते. गर्दी चुकवायला सकाळी साडेसातला घर सोडणारा आता सव्वानऊला निघतो. आतल्या गल्ल्यांतून वाट काढणारा मुख्य रस्त्यावर येतो. बसने जाणारा गाडी बाहेर काढतो. वर्ष-दोन वर्षांत पुलाच्या पलीकडे नव्या गृहप्रकल्पांचे फलक लागतात आणि तिथे राहायला येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब सोबत एखादं तरी वाहन आणतं. पूल पुन्हा भरतो.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. २०११ साली ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची वीस वर्षांची आकडेवारी तपासली. आंतरराज्य महामार्ग ज्या प्रमाणात वाढले, साधारण त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढलं होतं. जास्तीची जागा जास्तीच्या गाड्यांनी खाऊन टाकली होती.

आपल्याकडची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मुंबईत अनेक उड्डाणपूल उभे राहिले. आज त्या पुलांवरही रांगा लागतात. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक वापरून २०२० मध्ये पाडावे लागले, कारण पुढे येणाऱ्या मेट्रोचा विचार ते बांधताना झालाच नव्हता. रेल्वे फाटकावर किंवा एखाद्या अरुंद नाक्यावर पूल लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण ‘अजून एक पूल’ हे शहराचं वाहतूक धोरण होऊ शकत नाही.

गैरसमज २ : दुचाकी आपल्या लोकांच्या अंगवळणी पडली आहे. बस कितीही चांगली द्या, कुणी बसणार नाही.

वस्तुस्थिती : लोक हिशेब करतात, आणि तो बरोबर करतात. एक साधा हिशेब पाहा. नवरा-बायकोला आठ किलोमीटरवर जायचं आहे. पेट्रोल लिटरला शंभर-एकशेपाच रुपये आणि दुचाकीचं मायलेज पंचेचाळीस धरलं, तर खर्च येतो एकोणीस रुपयांच्या आसपास. जून २०२५ च्या दरवाढीनंतर याच अंतरासाठी पुण्यातल्या पीएमपी बसचं तिकीट माणशी वीस रुपये आहे, म्हणजे दोघांचे चाळीस. त्यावर थांब्यापर्यंतचं चालणं, थांब्यावर छप्पर नसणं, आणि बस पाच मिनिटांत येईल की पंचवीस मिनिटांत याची खात्री नसणं. अशा वेळी स्कूटरला किक मारणाऱ्या माणसाला शिस्त नाही म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शहराने त्याच्यापुढे जो पर्याय ठेवला, तोच त्याने उचलला.

पर्याय बदलला की वागणं बदलतं, याचा पुरावा मुंबईत आहे. जुलै २०१९ मध्ये तिथल्या बेस्ट बससेवेने किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं आणि काही महिन्यांतच रोजचे प्रवासी लाखांनी वाढले. शेअर रिक्षाने जाणारी, चालत जाणारी, घरून निघायचंच टाळणारी माणसं बसमध्ये आली.

सवयीचा भाग असतोच. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनमध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला. बरीच स्थानकं बंद असल्याने लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. संप मिटल्यावर प्रवासकार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की सुमारे पाच टक्के नियमित प्रवासी जुन्या वाटेवर परतलेच नाहीत. रोजच्या वाटेपेक्षा चांगली वाट त्यांना वर्षानुवर्षं उपलब्ध होती. ती वापरून पाहण्याची वेळ आली नव्हती, इतकंच. म्हणून नोकरी बदलताना, घर बदलताना, कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू होताना बसचा पास हातात पडला, तर सवय बदलण्याची शक्यता सर्वाधिक असते. कंपन्यांना आणि कॉलेजांना हे सहज करता येण्यासारखं आहे.

गैरसमज ३ : बससेवा तोट्यात चालते, म्हणजे ती शहरावरचं ओझं आहे.

वस्तुस्थिती : रस्त्यावरचे दिवे, बागा, अग्निशमन दल यांचा नफा-तोटा आपण काढत नाही. उड्डाणपुलाचाही काढत नाही. तो कोट्यवधींचा खर्च ‘विकास’ या सदरात जातो आणि बसचा खर्च ‘तोटा’ या सदरात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं. कारने शहरात येणाऱ्याचे पैसे वाचले आणि बसने जाणाऱ्याचं किमान भाडं दुप्पट झालं. तिजोरीत पैसा नाही हे कारण फक्त बसलाच का लागू पडतं, हे नागरिकांनी विचारायला हवं.

तोट्याच्या धाकाने बस कमी केल्या की फेऱ्या लांबतात, प्रवासी गळतात, उत्पन्न घटतं आणि तोटा आणखी वाढतो. बेस्टकडे २०१० च्या सुमारास चार हजारांवर बस होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. शहरी बससेवेसाठीच्या केंद्रीय निकषांत उत्तम सेवेसाठी लाख लोकांमागे साठ बस धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या ४८ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच २,९०० बस लागत होत्या. त्यानंतर दोन्ही शहरं कितीतरी वाढली, तरी पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपासच आहे.

गैरसमज ४ : आता मेट्रो आली, बाकी कशाची गरज नाही.

वस्तुस्थिती : मेट्रो हवीच. मार्च २०२२ मध्ये पुण्यात पहिली मेट्रो धावली, सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटला पोचली आणि पेठांच्या पोटातून काही मिनिटांत जाणं शक्य झालं. पण मेट्रो दोन स्थानकांमधला प्रवास करते. माणसाचा प्रवास घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत असतो.

स्थानकाचा सरकता जिना उतरून बाहेर आलं की काय दिसतं? पदपथाच्या मधोमध वीज मंडळाचा डीपी, पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, त्यापुढे पदपथावरच लावलेल्या दुचाक्या. बाई लेकराचा हात धरून रस्त्यावर उतरते आणि धावत्या गाड्यांच्या कडेने चालू लागते. २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. मेट्रोचा आणि बसचा प्रत्येक प्रवासी आधी आणि नंतर पादचारीच असतो. पदपथ सलग नसेल आणि स्थानकाला जोडणारी बस वेळेवर येत नसेल, तर अब्जावधींच्या मेट्रोतले डबे अर्धे रिकामे धावतात. पदपथ कसा असावा, हे पुण्याने जंगली महाराज रस्त्यावर करून दाखवलं आहे. रुंद, सपाट, झाडांखाली बसायला बाकं असलेला तो पदपथ संध्याकाळी माणसांनी भरलेला असतो. तो अपवाद राहायला नको.

गैरसमज ५ : पुण्यात बीआरटी फसली, म्हणजे ती कल्पनाच चुकीची.

वस्तुस्थिती : बीआरटी म्हणजे बससाठी राखीव मार्गिका. देशातला पहिला बीआरटी मार्ग पुण्यात, कात्रज-स्वारगेट-हडपसर पट्ट्यात, डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. त्याची मार्गिका सलग नव्हती; पूल आणि चौक आले की तुटायची. दुचाक्या आत शिरायच्या आणि त्यांना कुणी अडवत नसे. थांबे रस्त्याच्या मध्यभागी होते, पण तिथपर्यंत सुरक्षित ओलांडायची सोय अपुरी होती. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भागही काढून टाकला गेला. अपयश आलं ते अर्धवट अंमलबजावणीला.

बोगोटा शहरात २००० साली सुरू झालेली ट्रान्समिलेनियो ही बीआरटी सेवा गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला चाळीस हजारांच्या घरात माणसं नेते. अहमदाबादने २००९ पासून आपली जनमार्ग ही बीआरटी सेवा टिकवली. गणित सोपं आहे. एक बस साधारण तीन गाड्यांची जागा घेते. तीन गाड्यांत मिळून चार-पाच माणसं असतात, बसमध्ये पन्नास. मोकळी दिसणारी बसची मार्गिका शेजारच्या तुंबलेल्या मार्गिकेपेक्षा जास्त माणसं पुढे नेत असू शकते.

गैरसमज ६ : पार्किंगला पैसे किंवा गाड्यांवर शुल्क म्हणजे सामान्य माणसाला भुर्दंड.

वस्तुस्थिती : आधी सामान्य माणूस कोण, ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोक कारने कामाला जात होते. पायी जाणारे बावीस टक्क्यांवर होते. त्यानंतर गाड्या वाढल्या, तरी कारवाले अजूनही संख्येने थोडेच आहेत. उघड्या जागेत एक कार लावायला, येण्याजाण्याची वाट धरून, २३ चौरस मीटर जागा धरली जाते. कित्येक कुटुंबांची खोली याहून लहान असते. कारला ती जागा सार्वजनिक रस्त्यावर फुकट मिळते आणि तेवढ्याच जागेत हातगाडी लावणाऱ्यावर मात्र कारवाई होते. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर. विरोध झाला आणि ते बासनात गेलं.

शुल्काला सुरुवातीला सगळीकडेच विरोध होतो. स्टॉकहोममध्ये जानेवारी २००६ पासून सात महिने गर्दीशुल्काचा प्रयोग झाला. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्या सुमारे वीस टक्क्यांनी घटल्या, रस्ते मोकळे झाले, आणि सप्टेंबरमधल्या सार्वमतात निम्म्याहून अधिक शहरवासीयांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला. त्या शहराने प्रयोगाआधी जादा बसही सुरू केल्या होत्या. आपल्याकडेही क्रम तोच हवा : आधी बस, मग शुल्क, आणि शुल्काचा पैसा पुन्हा बसलाच.

उलट, नुसत्या बंदीतून पळवाटा फुटतात. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरप्लेटनुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम केला. अनेक घरांनी वेगळ्या नंबरची दुसरी, बहुधा जुनी गाडी घेतली. हवा काही सुधारली नाही.

गैरसमज ७ : सगळ्या गाड्या विजेवर चालू लागल्या की प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : धुराचा प्रश्न बराच हलका होईल आणि ते मोठं काम आहे. पण विजेची कारही रस्त्यावर तेवढीच जागा अडवते, चौकात तेवढाच वेळ उभी राहते आणि पादचाऱ्याला तेवढीच धोकादायक असते. विजेवरची एक बस पन्नास माणसांना घेऊन दिवसभर धावते. विजेवरची कार दिवसाचे बावीस-तेवीस तास उभी असते. सरकारी अनुदानाचा पहिला हक्क बसचा आहे.

या सातही विधानांच्या मुळाशी एकच समज आहे : लोक जसे वागतात तसेच वागत राहतील, शहराने फक्त त्यांच्या मागे जागा पुरवत जावं. पण माणसं शहराने दिलेल्या सोयीप्रमाणे वागतात, आणि सोय ठरते महापालिकेच्या अंदाजपत्रकात. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी विचाराव्यात. आमच्या भागात दर दहा मिनिटांना बस कधीपासून मिळेल? शाळेपासून थांब्यापर्यंतचा पदपथ सलग कधी होईल? बससाठी राखीव मार्गिका कोणत्या रस्त्यावर देणार? आणि पार्किंगचं शुल्क कोणत्या तारखेपासून घेणार? उत्तरात नुसतं नव्या पुलाचं आश्वासन मिळालं, तर आपला प्रश्न त्यांना कळलेला नाही असं समजावं आणि तो पुन्हा विचारावा.