माणूस कामास प्रवृत्त का होतो?

सुधारित शेतीची माहिती कानी पडली म्हणजे ती शेतात उतरतेच असे नाही. बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी तपासावी, हे बुलढाणा जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकांस ठाऊक असते. तरी पुष्कळदा न तपासलेलेच बी पेरले जाते व दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो. माहिती आणि कृती यांमधील हे अंतर का पडते, याचा विचार मानसशास्त्रात प्रेरणेच्या अभ्यासात होतो.

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४३ साली मानवी गरजांचा क्रम मांडला : अन्नपाणी, सुरक्षितता, आपुलकी, मानसन्मान व स्वतःच्या गुणांचा विकास. खालची गरज बऱ्याच अंशी भागल्यावाचून वरची जोर धरीत नाही, असे त्याचे प्रतिपादन. हा क्रम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही. तथापि कोरडवाहू शेतकरी नवे वाण एकदम सर्व शेतात का पेरीत नाही, याचा उलगडा त्यावरून होतो. डोक्यावर कर्ज व पाऊस बेभरवशाचा, अशा स्थितीत तो प्रथम सुरक्षितता पाहतो. त्यास आळशी म्हणणे अन्यायाचे होय.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या मते टिकाऊ प्रेरणेस तीन गोष्टी लागतात : निर्णय आपला असणे, काम जमते असा अनुभव आणि सोबत्यांशी जवळीक. केवळ बक्षिसासाठी केलेले काम बक्षीस संपताच थंडावण्याचा संभव असतो.

२०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळविला. स्पर्धेत बक्षीस होतेच. परंतु ते मोजक्याच गावांस मिळावयाचे असूनही हजारो गावांनी श्रमदान केले. ग्रामस्थांस आधी प्रशिक्षण मिळाले होते, काम सर्वांनी मिळून करावयाचे होते आणि अडविलेले पाणी आपल्याच शिवारात मुरणार होते. वरील तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या.

म्हणून बदलाचा आरंभ लहान व स्वतःच्या हाताने करावा. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आठवड्याने मोजावेत; ७० वा अधिक उगवले असल्यास बी पेरणीयोग्य समजावे. ही मोजणी चार शेजाऱ्यांदेखत करावी. आपल्यासारख्याच माणसास जमलेले काम पाहून जो विश्वास येतो, तो नुसत्या उपदेशाने येत नाही.