रोहित्राची खरी किंमत

खेडोपाडी ज्याला सर्रास ‘डीपी’ म्हणतात ते रोहित्र जळाले, की 11 केव्ही दाबाची वीज 433 व्होल्टवर उतरविणारे नवे यंत्र कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न सार्वजनिक वीज कंपनीस निविदेच्या दोन लिफाफ्यांतून सोडवावा लागतो. तांत्रिक लिफाफ्यात जो टिकला, त्याचाच दराचा लिफाफा फोडतात. परंतु सर्वांत कमी दर म्हणजेच सर्वांत स्वस्त माल, हा दप्तरी समज मला सर्वथा भ्रामक वाटतो. रोहित्राचा लोखंडी गाभा, गावात एकही दिवा लागलेला नसला तरी, अहोरात्र वीज खात असतो. गुंडाळीतील हानी तर भार दुप्पट होताच चौपट होते. आयएस 1180 या भारतीय मानकाने ह्या हानीस कमाल मर्यादा घातली आहे खरी. तथापि यंत्राच्या उभ्या आयुष्यातील हानीचे मोल दरात मिळवूनच पुरवठादार निवडणे न्याय्य होय.