व्यासपीठ नसलेला मोर्चा

आपल्याकडे मोर्चा ठरला की आधी व्यासपीठाचा विषय निघतो. कोण बोलणार, कोणाच्या आधी बोलणार, निवेदन घेऊन आत कोण जाणार, यातच निम्मी बैठक संपते. हाँगकाँगच्या तरुणांनी २०१९ साली व्यासपीठच बाद करून टाकलं. हा निर्णय त्यांनी हौसेने घेतला नव्हता. आधीच्या आंदोलनात त्यांचे हात पोळले होते.

ते आंदोलन म्हणजे २०१४ चं ‘छत्री आंदोलन’. ७९ दिवस तंबू ठोकून लोक रस्त्यावर बसले होते. अॅडमिरल्टी भागात मोठं व्यासपीठ होतं, विद्यार्थी संघटना होत्या, बेनी ताई यांच्यासारखे प्राध्यापक होते. दिवस लांबत गेले तसे माइक कोणाच्या हातात, स्वयंसेवक कोणाचं ऐकणार, यावरून खटके उडू लागले आणि शेवटी ‘व्यासपीठ पाडा’ ही मागणी आंदोलकांतूनच उठली. पदरात काहीच न पडता तंबू निघाले. पुढे खटले चालले. एप्रिल २०१९ मध्ये बेनी ताईंना १६ महिन्यांची शिक्षा झाली. तरुणांचा लाडका चेहरा असलेला जोशुआ वाँग हा जूनमधले पहिले मोठे मोर्चे निघाले तेव्हा तुरुंगातच होता. नेते आपसांत भांडतात आणि सरकारला उचलायलाही तेच सोपे पडतात, हे दोन्ही धडे त्या पिढीने नीट गिरवले.

२०१९ ची ठिणगी पडली ती आरोपींना चीनच्या मुख्य भूमीच्या हवाली करू देणाऱ्या विधेयकामुळे. ९ जूनच्या मोर्चात दहा लाख लोक होते, असा आयोजकांचा दावा. पोलिसांच्या मते २ लाख ४० हजार. विधेयक स्थगित झालं तरी १६ जूनला आयोजकांच्या हिशेबाने वीस लाख माणसं रस्त्यावर आली. शहराची लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास. या मोठ्या मोर्चांची परवानगी ‘सिव्हिल ह्युमन राइट्स फ्रंट’ ही अनेक संस्थांची आघाडी काढत असे, पण लोक तिच्या हुकमावर चालत नव्हते. कुठे जमायचं, कधी पांगायचं हे टेलिग्रामच्या गटांत आणि ‘एलआयएचकेजी’ या संकेतस्थळावर मतं घेऊन ठरे.

मला या सगळ्यात गर्दीच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच प्रश्नाने धरून ठेवलं. शेजारच्याच्या तोंडावर मास्क आहे. त्याचं नाव माहीत नाही, विचारायचंही नाही. तो साध्या वेशातला पोलिसही असू शकतो. अशा माणसावर भरवसा ठेवायचा तो कसा?

उत्तर लहानलहान कृतींत होतं. पुढच्या फळीला हेल्मेट हवं असेल तर दोन्ही तळवे डोक्यावर ठेवायचे. गॉगल हवा असेल तर बोटांची वर्तुळं डोळ्यांपुढे धरायची. ती खूण पाहून मागचा माणूस तीच खूण करी, त्याच्यामागचा पुन्हा तीच. गर्दीच्या मधोमध माणसांची साखळी तयार होई आणि हेल्मेट हातोहात पुढे जाई. पाठवणाऱ्याला घेणारा दिसत नसे, पण वस्तू पोहोचे, हे प्रत्येकजण डोळ्यांनी पाहत होता.

मेट्रो स्टेशनांवर तर याहून शांतपणे हेच घडत होतं. तिथलं ‘ऑक्टोपस’ कार्ड वापरलं की प्रवासाची नोंद राहते आणि ती पोलिसांच्या हाती पडेल, अशी पोरांना धास्ती. मग लोक तिकिटाच्या यंत्रावर सुटी नाणी आणि एकेरी प्रवासाची तिकिटं ठेवून निघून जात. कोणी बदलायला कपडेही ठेवी. ज्यांना मोर्चात पुढे उभं राहणं जमणार नव्हतं, त्यांनी स्वतःची अशी जागा शोधली होती. जूनच्या अखेरीस जी-२० परिषदेच्या तोंडावर जगभरच्या वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या ठरल्या, तेव्हा काही तासांत पन्नास लाखांहून अधिक हाँगकाँग डॉलर जमले. पैसे मागणारे निनावी, देणारेही निनावी. दोन-तीन दिवसांत जाहिराती खरोखरच छापून आल्या. पुढच्या खेपेला पैसे मागणाऱ्यांवर लोकांनी विश्वास ठेवला तो या छापील पुराव्यावर.

पण खरा पेच होता दोन गटांचा. एक शांततेने चालणाऱ्यांचा, दुसरा पोलिसांशी भिडणाऱ्यांचा. २०१४ मध्ये हे दोघे एकमेकांवरच तुटून पडले होते. या वेळी एक अलिखित नियम झाला : डोंगर एकच, वाटा वेगळ्या, आणि दुसऱ्याची वाट पटली नाही तरी त्याच्याशी जाहीरपणे नातं तोडायचं नाही.

या नियमाची पहिली मोठी परीक्षा १ जुलैच्या रात्री झाली. आंदोलक विधिमंडळाच्या इमारतीत घुसले. आत भिंती रंगवल्या गेल्या, तोडफोड झाली, तरी जुन्या वस्तूंना हात लावू नका अशा चिठ्ठ्या लागल्या आणि फ्रिजमधून घेतलेल्या शीतपेयांचे पैसेही तिथेच ठेवले गेले. पोलिस येणार हे कळल्यावर बहुतेक जण बाहेर पडले, पण चौघांनी आतच थांबायचं ठरवलं. त्यांना मोठी शिक्षा होणार हे उघड होतं. तेव्हा बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक जण ‘जायचं तर सगळ्यांनी मिळून’ असं ओरडत परत आत धावले आणि त्या चौघांना अक्षरशः ओढून बाहेर घेऊन आले. परत फिरण्याचा आदेश द्यायला तिथे कोणी नेता नव्हता. माझ्या मते या आंदोलनाचा पाया त्या काही मिनिटांत पक्का झाला. आपल्याला कोणी मागे टाकून जाणार नाही, ही खात्री कुठल्याही भाषणाने दिली नसती.

हा भरवसा तोडायला लाठीपेक्षा संशय जास्त उपयोगी पडतो. ११ ऑगस्टला कॉजवे बे भागात आंदोलकांच्या वेशातल्या पोलिसांनी धरपकड केली आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पत्रकार परिषदेत वेषांतराची कबुलीही दिली. आता शेजारचा प्रत्येक मास्क संशयास्पद झाला. १३ ऑगस्टच्या रात्री विमानतळावर त्याचं फळ दिसलं. मुख्य भूमीतून आलेल्या दोघांना हेर समजून जमावाने घेरलं. त्यातल्या ‘ग्लोबल टाइम्स’ या चिनी वर्तमानपत्राच्या पत्रकाराचे हात सामानाच्या ट्रॉलीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले. ती दृश्यं चीनभर फिरली. लोकांची सहानुभूती एका रात्रीत जाईल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जे झालं त्याचा अभ्यास प्रत्येक चळवळीने करावा. त्याच विमानतळावर तरुण हातात फलक घेऊन उभे राहिले. आम्ही घाबरलो होतो, आमचं चुकलं, प्रवाशांना झालेल्या त्रासाबद्दल माफ करा, असा त्यांचा आशय होता. ज्यांनी हात बांधले ते वेगळे, माफी मागणारे बहुधा वेगळे. तरी चूक सगळ्यांनी आपली मानली. १८ ऑगस्टला व्हिक्टोरिया पार्कमध्ये भर पावसात सभा झाली. आयोजकांचा आकडा सतरा लाखांचा, आणि अश्रुधुराची एकही नळकांडी फुटली नाही. जमाव स्वतःला आवरू शकतो, हे त्या दिवशी दिसलं.

नोव्हेंबरात मात्र तो आवर सुटला. ११ तारखेला आंदोलकांशी वाद घालणाऱ्या एका माणसाच्या अंगावर ज्वालाग्राही द्रव टाकून त्याला पेटवण्यात आलं. दोनच दिवसांनी आंदोलक आणि त्यांचे विरोधक यांच्यातल्या दगडफेकीत सत्तर वर्षांच्या एका सफाई कामगाराला वीट लागली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जीव गेला. ऑगस्टमध्ये विमानतळावर दिसलेली माफी या वेळी तशी दिसली नाही. नातं तोडायचं नाही हा नियम आता ज्याला थांबवायला हवं होतं त्यालाही पाठीशी घालत होता. नेता नसल्यामुळे हिंसा झाली, असं मी म्हणणार नाही. नेते असलेल्या आंदोलनांतही माणसं जाळली गेली आहेत. पण कुठली गोष्ट केली तर माणूस आपला राहणार नाही, ही रेघ जूनमध्ये, मनं जुळलेली असताना, ओढायला हवी होती. ती ओढली गेली नाही, आणि हा या आंदोलनाचा सर्वांत गंभीर दोष आहे.

लोकांनी तरी साथ सोडली नाही. २४ नोव्हेंबरच्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत ७१ टक्के मतदान झालं आणि १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे गेल्या. पण निवडणुकीला उमेदवार लागतो, उमेदवाराला नाव लागतं. ३० जून २०२० च्या रात्री राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांत विधिमंडळासाठी उमेदवार निवडायला लोकशाहीवाद्यांनी आपसांत मतदान घेतलं, त्यात सहा लाखांवर लोक आले. ते घेतल्याबद्दल आणि त्यात उभं राहिल्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये ४५ जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. त्यांतली सर्वांत मोठी, दहा वर्षांची, बेनी ताई यांना झाली.