डोळा लवतो तेव्हा

मार्चअखेरीचे दिवस. दुकानाचे शटर ओढून झाले तरी पेढीवरचा दिवा जळतच असतो. शिल्लक मालाची मोजदाद, जीएसटीचे विवरण, उधारीची यादी आणि समोर संगणकाचा पडदा. अशाच एखाद्या रात्री डाव्या डोळ्याची खालची पापणी आपोआप थरथरू लागते. दुसऱ्या दिवशी मोठ्या सौद्याची बोलणी ठरलेली असतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘उजवा की डावा?’

पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, उलट झाल्यास अशुभ, हा समज फार जुना आहे. अशोकवनातील सीतेचा डावा डोळा लवला, तो वाल्मीकींनी शुभशकुन म्हणूनच वर्णिला. कालिदासाच्या शकुंतलेचा दुष्यंताच्या दरबारी उजवा डोळा लवतो, आणि पुढे तिचा अव्हेर होतो. जैन परंपरेनेही अष्टांग निमित्तांत ‘अंग’ हे एक निमित्त मानले. ‘अंगविज्जा’ हा प्राकृत ग्रंथ याच विद्येचा. परंतु जो अशा विद्यांवर उपजीविका करीत नाही तोच भिक्षू, असे उत्तराध्ययन सूत्र सांगते. सौदा पुढे ढकलण्यापूर्वी एवढे आठवावे.

शकुनांच्या त्या काळातही वैद्यांची दृष्टी वेगळी होती. सुश्रुताने पापण्यांच्या रोगांत ‘निमेष’ नावाचा विकार सांगितला असून, पापणीच्या शिरांत वायू शिरल्याने ती वारंवार हलते, असे त्याचे निदान आहे. आजचे वैद्यक वायूऐवजी चेतातंतूंचे नाव घेते. डोळ्याभोवती वर्तुळाकार पसरलेला एक पातळ स्नायू पापणी मिटवितो. त्याला आज्ञा देणाऱ्या नसेच्या बारीक तंतूंतून अवेळी संदेश सुटू लागले की स्नायूचे काही धागे स्वतःच थरथरतात. यालाच ‘मायोकिमिया’ म्हणतात. पापणीची त्वचा अतिशय पातळ असल्याने ही थरथर स्वतःला फार मोठी भासते. समोरच्या गिऱ्हाइकाला बहुधा ती दिसतही नाही.

हे का घडते, याचे उत्तर बहुतेक वेळा दिनचर्येतच सापडते. अपुरी झोप, मनावरचा ताण, डोळ्यांचा शीण आणि चहा-कॉफी ही त्याची नेहमीची कारणे. चौविहार पाळणाऱ्या घरांत रात्रीचा चहा आपोआप टळतो, हे खरे. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर घेतलेल्या अर्ध्या कपांचा हिशेब कोण ठेवतो? खतावणीत पैसाही न चुकणारी माणसे इथे हमखास चुकतात! पडद्याकडे पाहताना डोळ्यांची उघडझापही बरीच कमी होते, अश्रूंचा थर सुकतो आणि कोरडा डोळा पापणीला चाळवतो.

म्हणून उपायही साधे आहेत. काही दिवस पुरेशी झोप घ्यावी, चहा निम्म्यावर आणावा. दर 20 मिनिटांनी सुमारे 20 फूट अंतरावरील वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. मिटल्या डोळ्यांवर कोमट ओला रुमाल ठेवल्यानेही आराम पडतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची शिफारस सर्रास होते. तिला भक्कम आधार नाही. बहुतेकांची थरथर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप थांबते.

तथापि, प्रत्येक लवणे इतके निरुपद्रवी नसते. दोन्ही डोळे बळेच मिटू लागले, तर तो ‘ब्लेफरोस्पाझम’ असू शकतो. त्यात रस्ता ओलांडणेही धोक्याचे होते. पापणीपासून सुरू झालेले झटके त्याच बाजूच्या गालापर्यंत, ओठांपर्यंत पोहोचले, तर ‘हेमिफेशियल स्पाझम’ची शंका घ्यावी. त्यात बहुधा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाब देत असते. दोन्ही विकारांवर बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांचा चांगला उपयोग होतो. त्यांचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. अशा रुग्णाने ‘डोळा लवतोच आहे’ म्हणून वर्षानुवर्षे घरी बसणे ही खरी हानी. पापणी खाली ओघळली, डोळा लाल झाला किंवा थरथर काही आठवडे टिकली, तरीही नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. तोंड एकाएकी वाकडे होणे, बोबडी वळणे, हात लुळा पडणे ही लक्षणे दिसताच मात्र तडक रुग्णालय गाठावे.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत पापणी शांत झालेली असते, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यामुळे थरथर सुरू असतानाच घरातील कोणाकडून मोबाइलवर तिचे चित्रण करून घ्यावे आणि तेच डॉक्टरांपुढे ठेवावे.