बालाघाटाचा माथा आणि बार्शी लाइट रेल्वे

आगगाडीने डोंगर चढावयाचा म्हटला की आपल्या मनश्चक्षूंसमोर प्रथम माथेरान उभे राहते. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यालाही असा एक रम्य लोहमार्ग लाभला होता, याचे स्मरण अगत्याने ठेविले पाहिजे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा अवघ्या अडीच फूट रुंदीचा जो मार्ग चालू केला, तो पुढे मुंबई इलाख्याची सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलखात शिरला आणि बालाघाट डोंगररांगेतील रामलिंगचा घाट चढून, येडशी-ढोकीमार्गे, १९११ साली लातुरास पोहोचला. इंजिनाचा व डब्यांचा भार प्रत्येक आसावर समप्रमाणात, सुमारे पाच टनांच्या मर्यादेत, विभागण्याची कॅल्थ्रॉपची योजना अशी नामी होती, की हलक्या व स्वस्त रुळांवरूनही विपुल माल वाहता येई. आणि अरुंद मार्गामुळे डोंगराच्या कुशीतील तीव्र वळणेही सुलभ होत.

१९५४ साली सरकारने ही रेल्वे खरेदी केली. २००८ पर्यंत रुंदीकरण होऊन मार्ग धाराशिव शहराला जोडला गेला.

पावसाळ्यात येडशीस अवश्य उतरावे. जवळच्या दरीत रामलिंगाचे शिवालय असून, जटायूने रावणाशी येथेच झुंज दिली, अशी लोकश्रद्धा आहे. भोवतालचे अरण्य १९९७ पासून संरक्षित अभयारण्य आहे. सबब तेथे कचरा टाकू नये, वानरांस खाऊ घालू नये, आणि मुलाबाळांना या लोहमार्गाचा इतिहास आवर्जून सांगावा.