रिकामी केबिन आणि दुसरी पाळी

पिंपरीहून स्वारगेटला जाताना मी मेट्रोच्या पहिल्या डब्यात उभा राहतो. दाराआड, केबिनमध्ये चालक असतो. तो नसला तर प्रवाशाला काय फरक पडेल?

लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ पासून चालकाविना धावते. वेग आणि ब्रेक संगणक सांभाळतो, डब्यातला कर्मचारी दारांकडे पाहतो, आणि पुढच्या काचेशी प्रवासीच बसतात. कोपनहेगनच्या मेट्रोत २००२ पासून तोही लागत नाही. नियंत्रण कक्षातली माणसे गाड्यांवर लक्ष ठेवतात. आपल्याकडे दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये अशी गाडी सुरू झाली.

नव्या यंत्रणेत प्रत्येक गाडी आपली जागा रेडिओने सतत कळवते. त्यामुळे मागची गाडी सुरक्षित अंतर राखूनही बरीच जवळ येऊ शकते. गर्दी वाढली की जादा गाडी सोडायला चालक शोधावा लागत नाही. म्हणून गाड्या लहान, पण वारंवार. कोपनहेगनला तर त्या रात्रभर धावतात.

मला महत्त्वाचे वाटते ते हेच. चाकणची दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. कामगार कंपनीच्या बसने किंवा शेअर रिक्षाने नाशिक फाट्याला पोहोचतो, तोवर मेट्रो बंद झालेली असते. चाकणपर्यंत तर रूळच नाहीत. चालकाविना गाडीचा खरा उपयोग कारखान्यांच्या या गावाला रात्रीच आहे. रूळांची देखभाल मात्र तेव्हाच करावी लागते, आणि तिला माणसेच लागतात.